ऑल्डरवेडचा उतार

परवा सिंगापुरात, क्वीन्सटाउनच्या मागच्या चढावरून जात होते. वेसेक्स इस्टेटच्या वळणाशी दोन माळी मशीनने गवत कापत होते. तो ओला, हिरवा, किंचित गोडसर वास आला आणि माझे पाय थांबले. समोर पांढऱ्या भिंतींच्या, काळ्या चौकटींच्या बुटक्या इमारती, त्यांच्यामधली हिरवळ आणि रस्त्यावर पसरलेली रेन ट्रीची सावली. इंग्रजांच्या लष्कराने आपल्या माणसांसाठी ही वसाहत बांधली. घराची आठवण येत असणार, म्हणून विषुववृत्ताला इतकं खेटून त्यांनी आपल्याकडचं एक खेडं मांडून बघितलं. ते काही जमलं नाही. उकाड्यात खेडं विरघळून गेलं, नुसती नावं राहिली. पण माझ्या वडिलांना तेवढंही पुरलं.

दोन वर्षं, जवळजवळ रोज दुपारी, बाबांचा हात धरून मी इथे येत असे. ते माझ्या आईला आणायला निघालेले असत. आईला जाऊन तेव्हा चाळीस वर्षं होत आली होती. आता बाबाही नाहीत. या रस्त्यावर मला काही काम नसतं, तरी मी येते.

ऑल्डरवेड हे खेडं इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, जुन्या वेसेक्सात, दोन टेकड्यांच्या मध्ये होतं. दहा-बारा घरं, एक पोस्ट आणि तेच दुकान, एक बुटक्या मनोऱ्याचं चर्च आणि मधून वाहणारी बारीकशी नदी. नदीवर पूल नव्हता. रस्ता सरळ पाण्यात उतरायचा आणि पलीकडे पुन्हा वर यायचा. मोटारी घोटाभर पाण्यातून फरफर करत जात. माणसांसाठी बाजूला सपाट दगड मांडून ठेवलेले होते. बाबा मूळचे कृष्णाकाठचे. पहिल्याच दिवशी पाण्यासमोर गाडी थांबवून ते आईला म्हणाले, "अगं, हा तर आपला उतार." तेव्हापासून आमच्या घरात त्या जागेला उतारच म्हणत. गावातली माणसं काय म्हणत ते मला शाळेत जायला लागल्यावर कळलं.

बाबा तिथे डॉक्टर होते. आसपासच्या खेड्यांसाठी एक दवाखाना, त्यात एक म्हातारे इंग्रज डॉक्टर, आणि त्यांच्या हाताखाली बाबा. मी सात वर्षांची असताना आम्ही गेलो. दहा पूर्ण व्हायच्या आत परत आलो. एवढंच माझं ऑल्डरवेड. पण आयुष्यातले ऋतू म्हटले की मला आजही तेच आठवतात. सिंगापुरात ऋतू नाहीत म्हणून असेल. इथे एकच दिवस पुन्हा पुन्हा येतो.

वसंतात उताराजवळच्या ऑल्डरच्या झाडांना पिवळे तुरे लोंबायचे आणि टेकडीवरून मेंढ्यांच्या कोकरांची ओरड दिवसभर खाली यायची. चर्चच्या मागे, थडग्यांच्या रांगा संपतात तिथे, रानलसूण माजायचा. वारा तिकडून आला की आई मान वर करून म्हणायची, "कोणीतरी फोडणी करतंय." मग आम्ही दोघी पिशवी घेऊन जायचो. त्या लांबट पानांचं पिठलं व्हायचं. बेसन लंडनहून यायचं, पार्सलमधून, आणि ते डब्यात ओतताना आई डब्यावर वाकून आधी वास घ्यायची.

उन्हाळ्यात सगळीकडे कापलेलं गवत. दिवस मावळायचं नावच घेत नसे. आई देवापाशी निरांजन घेऊन बसायची आणि खिडकीतून बाहेर बघायची. "तिन्हीसांजा होतच नाहीत इथे. दिवेलागण करायची तरी कधी?" ती बाबांना विचारायची. बाबा म्हणायचे, "घड्याळ बघून कर." पण घड्याळावर तिचा विश्वास नव्हता. ती उजेड संपायची वाट बघत बसायची. मी तिच्या मांडीवर झोपून जायची आणि दिवा लागायचा राहून जायचा.

गावाच्या वरच्या टेकडीवर एक उभा दगड होता, माणसापेक्षा उंच, एका अंगाला झुकलेला. त्याला गावात म्हातारी म्हणत. चर्चची घंटा वाजली की म्हातारी खाली येऊन नदीचं पाणी पिते, असं शाळेतली मुलं सांगायची. आईने एका शुक्रवारी वर जाऊन त्या दगडाला हळदकुंकू वाहिलं. रविवारी पाद्रीबाबा आमच्याकडे आले. मोठ्या संकोचाने त्यांनी विचारलं, तो पिवळा रंग आपण लावला का. बाबांनी भाषांतर केलं. आई म्हणाली, "त्यांना सांगा, बाई उघड्यावर एकटी उभी आहे. कुणीतरी तिची विचारपूस करायला नको का?" बाबांनी तेही भाषांतर केलं. पाद्रीबाबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

आणखी एक जागा म्हणजे स्टेशन. आम्ही जायच्या आधीच रेल्वे बंद झाली होती. रूळ उखडून नेले होते. राहिला होता नुसता फलाट, त्याच्या भेगांतून उगवलेलं गवत, आणि कुणा स्टेशनमास्तरने लावलेले गुलाब, जे आता रान झाले होते. शरदात तिथे ब्लॅकबेरी पिकायच्या. तोडताना बोटं जांभळी व्हायची, काटे साडीत अडकायचे. आई साडीवर बाबांचा जुना तपकिरी कोट घालायची आणि पायात त्यांचेच लोकरी मोजे. फलाटावर उभी राहून ती मला म्हणायची, "चल, पुणे पॅसेंजर यायची वेळ झाली." आणि आम्ही दोघी रिकाम्या वाटेकडे बघून हसायचो.

हिवाळ्यात रॉकेलच्या शेगडीचा वास घरभर. दगडी कोळशाचा धूर खाली दबून राहायचा, गावावरून उठायचाच नाही. उताराच्या दगडांवर बर्फाची साय धरायची. बाबा सकाळी बादलीतून राख नेऊन दगडांवर पसरायचे, म्हणजे पाय घसरू नये.

तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी, बर्फ वितळायला लागलं तेव्हा, आई बाजाराच्या गावाला लोकर आणायला गेली. माझा पिवळा स्वेटर हातांपर्यंत आला होता आणि लोकर संपली होती. परतीची चारची बस पलीकडच्या काठाला थांबायची, तिथे लाकडी पडवी होती. नदीला पाणी चढलं होतं, म्हणून बाबा गाडी घेऊन तिला आणायला जाणार होते. त्यांना एका रोग्याकडे उशीर झाला. आई पडवीत थांबली आणि मग तिने चालत यायचं ठरवलं.

पुढचं मला नीट माहीत नाही. मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पोस्टवाल्या बाईंनी ब्रेडला लोणी लावून त्रिकोणी कापून माझ्यासमोर ठेवलं होतं, ते आठवतं. पाद्रीबाबांच्या बुटांतून पाणी निघत होतं. आणि बाबा दारात उभे होते, हातात बॅग. कुणी ती हातातून घ्यायला गेलं की ते मूठ आणखी आवळायचे.

आम्ही पुण्याला परत आलो. बाबांनी दवाखाना काढला, मला शिकवलं, माझं लग्न करून दिलं. दुसरं लग्न केलं नाही. ऑल्डरवेड हा शब्द त्यांनी पुन्हा कधी उच्चारला नाही. घरात आईचा फोटो होता, पण तो लग्नाच्या आधीचा, कऱ्हाडच्या स्टुडिओतला. कोट घातलेली, बोटं जांभळी झालेली आई कुठेच नव्हती. मोठी होत गेले तशी मला शंका यायला लागली की ते गाव होतं तरी का. विचारण्यासारखा माणूस एकच होता, आणि त्याच्यासमोर माझी जीभ उचलत नसे.

सिंगापूरला येऊन आम्हाला सहा-सात वर्षं झाली होती. सुधीरचं, माझ्या नवऱ्याचं, ऑफिस अलेक्झांड्राला, म्हणून आम्ही क्वीन्सटाउनला एका जुन्या ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. मुलगी मुक्ता चौदा वर्षांची. पुण्याहून शेजारणीचे फोन यायला लागले. डॉक्टर गॅस चालू ठेवून फिरायला गेले. डॉक्टर स्वतःच्या गल्लीत पत्ता विचारत होते. मी जाऊन त्यांना घेऊन आले. मोठ्या मुदतीचा व्हिजिट पास मिळाला. निदान काय आहे ते त्यांनीच मला विमानात सांगितलं, एखाद्या रोग्याच्या नातेवाइकाला सांगावं तसं. "हळूहळू सगळं जाईल," ते म्हणाले. "अलीकडचं आधी. जुनं शेवटी."

पहिले काही आठवडे ते खिडकीपाशी बसून राहिले. मग एका दुपारी मी बघते तर बूट घालून दाराशी उभे.

"सिस्टर, माझी बॅग कुठे आहे?"

मी म्हटलं, "बाबा, मी आहे. कुठे निघालात?"

"हिला आणायचंय. चारची बस येईल."

मी दाराला टेकले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून आईचा उल्लेख मी पहिल्यांदा ऐकत होते. तोही असा, जणू ती आत्ताच पिशवी घेऊन बाहेर पडलीय.

मुक्ता शाळेतून येऊन सोफ्यावर बसली होती. तिने विचारलं, "हू इज 'ही'?"

"तुझी आजी."

"बट आजी इज डेड, लाह," ती इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली. तिच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. तिला वाटलं, आजोबांचा गोंधळ झालाय, तो आपण दूर करावा.

बाबा इंग्रजी कधीच विसरले नाहीत. ते तिच्याकडे वळले. "व्हेन?" त्यांनी विचारलं. मग, कुणी उत्तर द्यायच्या आत, त्यांचा चेहरा आतून ढासळत गेला. ते खाली बसले, बुटांसकट, दाराच्या चौकटीत. त्यांनी आवाज केला नाही. उजव्या हाताची मूठ तोंडात घातली आणि दातांनी धरून ठेवली. तो हात सोडवायला मला आणि त्या दिवशी घरीच असलेल्या सुधीरला दोघांनाही जोर लावावा लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांना काही आठवत नव्हतं. पण ते जेवेनात. पानाकडे बघून म्हणायचे, "भूक का नाही कळत नाही. काहीतरी झालंय का?" बातमी विसरली होती, दुःख तेवढं राहिलं होतं. ते कशाचं आहे हे त्यांना सापडत नव्हतं आणि ते घरभर शोधत फिरत होते. मुक्ताने दोन दिवस खोलीतून बाहेर यायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी बाबा पुन्हा बूट घालून दाराशी आले, तेव्हा तीच उठली, त्यांची जुनी चामडी बॅग आणून हातात दिली आणि म्हणाली, "आई, तू जा ना त्यांच्याबरोबर. जस्ट गो."

आम्ही निघालो. कुठे न्यावं हे मला माहीत नव्हतं. चालत चालत चढ चढलो, आणि वळणावर वेसेक्सची पाटी आली. बाबा थांबले. त्यांची पाठ सरळ झाली. हिरवळ, काळ्या चौकटी, कापलेलं गवत. त्यांनी खोल श्वास घेतला.

"आलं," ते म्हणाले.

त्यानंतर रोज. मी त्यांना नेत होते की ते मला, हे सांगणं कठीण. त्या वसाहतीच्या मागून पूर्वी मलेशियाला जाणारी रेल्वे जायची. काही वर्षांपूर्वी ती बंद झाली, रूळ उखडले, आता तिथे गवतातून जाणारी पायवाट आहे. बाबा तिथे उभे राहून मान हलवायचे. "ही गाडी आता पुन्हा सुरू करणार नाहीत हे लोक." अगदी खरं होतं ते. मग आम्ही खाली रस्त्यावरच्या बस स्टॉपवर येऊन बसायचो. बस यायची. सामानाच्या पिशव्या घेतलेल्या कामवाल्या बायका उतरायच्या, शाळेची मुलं उतरायची. बाबा अर्धवट उठून प्रत्येक चेहरा बघायचे. दार बंद व्हायचं.

"पुढच्या बसने येईल," मी म्हणायचे.

"लोकरीच्या दुकानात वेळ लागतो तिला," ते म्हणायचे. "रंग पसंत पडत नाही लवकर."

आणि पुढची बस येईपर्यंत ते बोलायचे. मला सिस्टर समजून, कधी त्या म्हाताऱ्या इंग्रज डॉक्टरांची बायको समजून, कधी नुसतं समोर बघत. त्या बोलण्यातून मला माझी आई मिळत गेली. ती तिथे सायकल शिकली होती, हे मला माहीत नव्हतं. स्टेशनच्या मोकळ्या फलाटावर, बाबांनी मागून सीट धरून. एकदा खाजकोयरीसारख्या पाल्यात पडली आणि रात्रभर हातांना दही लावून बसली, वर बाबांनाच हसत राहिली. बर्फ पडायला लागलं की मोठ्याने गाणी म्हणायची. सूर धड नसायचा. "पण शेजाऱ्यांना काय कळतंय," बाबा म्हणायचे आणि त्यांचे डोळे बारीक व्हायचे.

एकदा ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "सिस्टर, कुणाला सांगू नका. आम्ही उन्हाळ्यात परत जायचं ठरवलंय. ही थंडी तिला सोसत नाही. मुलीला अजून सांगितलेलं नाही. तिला इथं आवडतं."

मी बाकाची कड धरून बसले. आई गेली तेव्हा त्या उन्हाळ्याला चार महिने उरले होते. चार महिन्यांनी आम्ही तिघं बोटीत किंवा विमानात असतो.

माझी हाव वाढत गेली. घरी आल्यावर लिफ्टमध्येच बाबा सगळं विसरायचे, पण माझ्यासाठी त्या दिवसाचं काहीतरी हाती लागलेलं असायचं. रात्री स्वयंपाक करताना मी ते पुन्हा पुन्हा आठवायची. सुधीर म्हणाला, "अगं, डॉक्टर म्हणतात रोज रोज हे करू नका, त्यांना थकवा येतो. तूही वाळत चाललीस." मी त्याचं ऐकलं नाही. आजार बाबांचा होता आणि त्याला आलेली फळं मी खात होते. बाबांना बरं वाटावं ही प्रार्थना मी केली का, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. ते आणखी थोडं बोलावेत, एवढीच इच्छा असायची.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ते एकटे निघून गेले. सकाळपासून पाऊस कोसळत होता, म्हणून आज जायचं नाही असं मी सांगितलं होतं आणि त्यांनी मान डोलावली होती. मी कुकर लावून बाहेर आले तर दार उघडं, बूट नाहीत, बॅग नाही.

वेसेक्सच्या वळणावर ते नव्हते. बस स्टॉपवर नव्हते. रेल्वेच्या पायवाटेवर चिखल आणि पाणी, माणूस एकही नाही. मी हाका मारत होते, "बाबा," आणि पावसात माझा आवाज माझ्याच कानावर पडत नव्हता. सुधीर ऑफिसातून धावत आला. मुक्ता शाळेच्या युनिफॉर्ममध्येच दुसऱ्या बाजूने ब्लॉकांच्या खालून शोधत निघाली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या मिसेस लिम छत्री सांभाळत माझ्याकडे आल्या. माझा दंड धरून ओढत म्हणाल्या, "युअर पापा. डाउन देअर, इन द लाँगकांग. क्विक, क्विक."

लाँगकांग म्हणजे इथला सिमेंटचा नाला. एरवी त्यात वीतभर पाणी असतं, मुलं वरून मासे बघतात. पाऊस लागला की तेच पाणी भिंतीला घासत धावतं. बाजूच्या लोखंडी पायऱ्यांवरून बाबा खाली उतरले होते. पाणी त्यांच्या मांडीपर्यंत आलं होतं. एका हाताने त्यांनी पायरी धरली होती, दुसऱ्या हातात बॅग होती आणि ते पलीकडच्या भिंतीकडे बघत होते.

मी उतरले. पाण्याची ओढ अशी होती की पाय ठरत नव्हता.

"बाबा, हात द्या."

"थांबा," ते न वळता म्हणाले. "ती दगडांवर आहे. आवाज करू नका. दचकेल."

"बाबा, पाणी वाढतंय."

"म्हणूनच. मी गाडी आणायला हवी होती. मी आलो असतो, पण त्या माणसाचा श्वास..." त्यांनी पायरी सोडली आणि एक पाऊल पुढे टाकलं. मी मागून त्यांचा सदरा धरला. वरून सुधीर ओरडत होता, काय ते कळत नव्हतं. बाबांच्या अंगात अशी ताकद कुठून आली कोण जाणे. ते मला घेऊन पुढे जात होते.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"बाबा, ती पोचली."

ते थांबले.

"पोचली. आत्ता मी बघितलं. घरी गेली ती. चहा टाकलाय तिने."

"कोरडी आहे?"

"कोरडी आहे. लोकर पण मिळाली."

त्यांचे खांदे खाली आले. हातातली बॅग सुटली, पाण्याने ती क्षणात नेली, आणि त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. सुधीरने वरून हात दिला, मिसेस लिमनी छत्री टाकून सुधीरची कंबर धरली, आणि आम्ही वर आलो. मुक्ता रस्त्यात बसून रडत होती. बाबा मात्र हसत होते. असं मोकळं हसू मी त्यांच्या तोंडावर ऑल्डरवेडच्या दिवसांनंतर पाहिलं नव्हतं.

त्यांना न्यूमोनिया झाला. बरेच दिवस ते हॉस्पिटलमध्ये होते. मग ताप उतरला आणि आम्ही त्यांना घरी आणलं. पहिल्या दुपारी मी जेवणं आटपून त्यांचे बूट दाराशी नेऊन ठेवले आणि वाट बघत बसले. ते खिडकीपाशी बसले होते. चार वाजून गेले. ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

ती पोचली होती. मीच सांगितलं होतं. आता तिला आणायला कुणी कशाला जाईल.

सुरुवातीला सुधीरला बरं वाटलं, डॉक्टरांनाही. बाबा शांत होते. जेवत होते, झोपत होते. मी एकटी आतून जळत होते. दोन वर्षं ज्या हाकेने माझी दुपार सुरू व्हायची, तीच ऐकायला आता माझे कान आसुसले होते. शेवटी मी स्वतःच जाऊन त्यांच्यासमोर बसायला लागले.

"बाबा, चारची बस येईल. चला ना."

"कोण यायचंय?"

"ही," मी म्हणायचे. दुसरा शब्दच सापडायचा नाही. "हिला आणायचंय."

ते सभ्यपणे माझ्याकडे बघायचे. मुक्ता दारातून म्हणायची, "आई, स्टॉप. प्लीज." पण मी थांबले नाही. रानलसणाची आठवण दिली, म्हातारीची दिली, सायकलची दिली. ते कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "छान आहे हो तुमचं गाव." जे त्यांनी मला दिलं होतं ते मी परत करत होते, आणि ते घ्यायला तिथे कुणी नव्हतं.

परवा गवत कापलेल्या त्या वळणावर उभी असताना मनात आलं, ऑल्डरवेड पाहिलेला, तिथला माझ्या आईचा आवाज ऐकलेला आमच्यातला माणूस आता एकच उरला आहे, मी. आणि तोही तिथे फक्त नऊ वर्षांचा होता. त्याच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवावा.

बाबा जायच्या थोडे दिवस आधी मी त्यांना व्हीलचेअरवर घालून शेवटचं त्या बस स्टॉपवर नेलं. उकडत होतं. बस आल्या, गेल्या. त्यांनी कुणाचाही चेहरा बघितला नाही. मग माझ्यातलं काहीतरी संपलं आणि मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून, जसं मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. एक डॉक्टर होता, त्याची बायको होती, उतार होता, बर्फ वितळत होतं. बाई पडवीत थांबली. डॉक्टरला उशीर झाला. ती दगडांवरून निघाली. मी काही वगळलं नाही. ती पोचली असंही म्हटलं नाही.

बाबा ऐकत होते. हात मांडीवर, मान किंचित कललेली. दवाखान्यात रोग्याचं ऐकताना ते असेच बसायचे.

मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "त्यांना मूलबाळ?"

"एक मुलगी."

"वय काय?"

"नऊ."

"रडली का ती?"

मी आठवून बघितलं. त्रिकोणी ब्रेड, ओले बूट, दार. "नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, जणू काही त्यांना तेच अपेक्षित होतं.

"सगळे त्या डॉक्टरकडे बघत असतील," ते म्हणाले. "तिच्याकडे लक्ष ठेवा, सिस्टर. अशी मुलं सांगत नाहीत. तिला एकटीला राहू देऊ नका."

मी हो म्हणायला तोंड उघडलं. भर दुपारी, त्या स्टॉपवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मला जे रडू आलं ते मला आवरता येईना. बाबा अवघडून गेले. कुणा अनोळखी बाईला असं रडताना बघून काय करावं ते त्यांना कळेना. मग त्यांनी खिशातून घडी घातलेला रुमाल काढला आणि माझ्याकडे न बघता, हात लांब करून, माझ्यासमोर धरला.